गाडी गरम होतेय? आधी रेडिएटरची कॅप बघा

इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंच आहे, म्हणून आपल्याकडे उघड्या पातेल्यात पाणी १०० डिग्रीला नाही, ९८ च्या आसपासच उकळतं. चहाला काही फरक पडत नाही, पण ज्यांच्याकडे अजून जुनी मारुती ८०० किंवा झेन आहे आणि मे महिन्यात महेश्वरहून परतताना मानपूरचा घाट चढायचा आहे त्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा. चालत्या इंजिनातलं पाणी ९० च्या आसपास असतंच, म्हणजे साध्या हवेच्या दाबावर उकळायला सात-आठ डिग्रीच उरतात. तरी गाडी रोज उकळत नाही कारण ते पाणी दाबाखाली असतं, आणि तो दाब धरून ठेवते रेडिएटरची (इंजिनाचं पाणी थंड करणाऱ्या जाळीची) कॅप. गाडी गरम व्हायला लागली की हिच्याकडे सगळ्यात शेवटी लक्ष जातं. आधी पंखा, मग वॉटर पंप, मग रेडिएटर खोलून सफाई, आणि एवढे पैसे गेल्यावर कोणीतरी म्हणतं की एकदा ढक्कन पण बदलून बघू.

आधी उष्णता किती असते ते बघू. पेट्रोलमधली ऊर्जा ढोबळमानाने तीन वाटे होते, एक वाटा चाकांकडे, एक सायलेन्सरमधून बाहेर आणि एक इंजिनाच्या पाण्यात. मारुती ८०० चं ७९६ सीसीचं इंजिन जुन्या मॉडेलमध्ये ३७ हॉर्सपॉवरच्या आसपास द्यायचं, म्हणजे २७ किलोवॉट. फुल ॲक्सिलरेटरवर जवळपास तेवढीच उष्णता रेडिएटरला बाहेर फेकावी लागते, म्हणजे बाथरूममधले २ किलोवॉटचे तेरा-चौदा गीझर एकदम चालू, आणि पाणी सगळं मिळून साडेतीन-चार लिटर. घाटात नेमकं हेच होतं: खालच्या गियरमध्ये इंजिन ओरडत असतं, गाडीचा वेग तीस-चाळीस, समोरून हवा कमी, आणि एसी चालू असला तर त्याच्या कंडेन्सरने (एसीची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरच्या पुढ्यातली जाळी) आधीच तापवलेली हवा रेडिएटरला मिळते. शिवाय रेडिएटर किती उष्णता फेकणार हे पाणी आणि हवा यांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. डिसेंबरच्या सकाळी हवा १० डिग्री आणि पाणी ९०, फरक ८०. मे महिन्यात दुपारी हवा ४२, फरक ४८. म्हणजे तोच रेडिएटर उन्हाळ्यात हिवाळ्याच्या साठ टक्केच काम करतो, त्याच्यात काहीही बिघडलेलं नसताना.

आता कॅप. वरून बघितलं तर त्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला दिसतो, हा दाब किलो प्रति चौरस सेंटीमीटरमध्ये असतो, बाहेरच्या हवेपेक्षा वरचा. आत एक स्प्रिंग आणि रबराची चकती आहे, दाब त्या आकड्यापर्यंत चढला की स्प्रिंग दबते आणि थोडं पाणी बाजूच्या नळीतून प्लास्टिकच्या बाटलीत जातं. ०.९ ची कॅप नीट असेल तर इंदुरात पाणी ९८ ऐवजी ११७ च्या आसपास उकळतं, म्हणजे जवळजवळ वीस डिग्रीची सोय. रबर कडक झालं, चिरलं किंवा स्प्रिंग ढिली पडली की ही सोय हळूहळू जाते आणि गेली तरी काही दिसत नाही कारण हिवाळ्यात तिची गरजच पडत नाही. दाबाचा आणखी एक उपयोग फारसा कोणी सांगत नाही: वॉटर पंप ज्या बाजूने पाणी ओढतो तिथे दाब सगळ्यात कमी असतो, तिथे वाफेचे बुडबुडे झाले की पंप पाणी ढकलायच्या ऐवजी फेस घुसळत बसतो. कॅप धड असली तर हे टळतं.

चकतीच्या मधोमध अजून एक छोटा वॉल्व्ह असतो, उलट्या दिशेचा. इंजिन थंड झालं की पाणी आकसतं, आत निर्वात तयार होतो आणि त्या वॉल्व्हमधून बाटलीतलं पाणी परत आत ओढलं जातं. घरी तपासायचं असेल तर हे बघा, गाडी गरम झाल्यावर बाटलीतली पातळी वर येते का आणि रात्रभर थंड झाल्यावर खाली जाते का. सकाळी रेडिएटरचा वरचा रबरी पाईप चपटा झालेला दिसला तर तो छोटा वॉल्व्ह किंवा बाटलीची नळी जाम आहे. कॅप घेताना जुन्याच आकड्याची घ्या, जास्त आकड्याची लावली तर फायदा वाटतो पण जुने पाईप आणि रेडिएटरचे सांधे तो दाब सहन करतीलच असं नाही.

आणि गरम इंजिनावर ती उघडायची नाही म्हणजे नाही. हे सगळे सांगतात, पण हिशोब कोणी सांगत नाही. आत साडेतीन लिटर पाणी ११० डिग्रीला आहे असं धरा, कॅप फिरवल्यावर दाब गेला की ते पाणी ९८ वर यायलाच हवं, आणि ती जास्तीची बारा डिग्रीची उष्णता वाफ करण्यात खर्च होते. जेमतेम दोन टक्के पाण्याची वाफ होते, ७०-८० ग्रॅम. ऐकायला काहीच नाही, पण तेवढ्या पाण्याची वाफ सव्वाशे लिटरपेक्षा जास्त जागा मागते आणि तिला जायला एकच तोंड आहे, तुमच्या चेहऱ्यासमोरचं. फडकं धरून अर्धा आटा फिरवायची युक्तीही बेभरवशाची. निदान अर्धा-पाऊण तास थांबा, वरचा पाईप हातात धरवला पाहिजे.

यानंतर आपल्याकडचा लाडका इलाज येतो. "भिया, वॉल निकाल दो, गाड़ी ठंडी चलेगी." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट, पितळी डबीत भरलेलं मेण, ठराविक तापमानाला (बऱ्याच गाड्यांत ८२ किंवा ८८) वितळतं, फुगतं आणि दांडी ढकलून रेडिएटरचा रस्ता उघडतं. वीज नाही, वायर नाही. १९३० च्या दशकात सर्जियस व्हर्नेटने ही मेणाची कल्पना गाड्यांसाठी आणली आणि आजही तीच चालते, मला तर ही पूर्ण गाडीतली सगळ्यात हुशार वस्तू वाटते. ती बंदच अडकली तर गाडी नक्की उकळते, तेव्हा बदलायची. पण काढून टाकली तर इंजिन थंडच धावतं, पेट्रोल नीट वाफ होत नाही, कच्चं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरून ऑइलमध्ये उतरतं, झीज वाढते, ॲव्हरेज जातो. आणि घाटात उपयोग काय? नीट चालणारा वॉल ९५ डिग्रीच्या पुढे तसाही जवळजवळ पूर्ण उघडाच असतो. काही लोक दुसरं टोक पकडतात, की वॉल काढल्यावर पाणी इतकं जोरात धावतं की रेडिएटरमध्ये थंड व्हायला वेळच मिळत नाही. हेही खरं नाही, तेच पाणी पुन्हा पुन्हा तिथून जातं आणि प्रवाह वाढला की उष्णतेची देवाणघेवाण वाढतेच. तपासणी सोपी आहे, वॉल काढून पातेल्यात दोरीने टांगायचा, पाणी तापवायचं, थर्मामीटर असेल तर उत्तम, आणि कधी उघडतो बघायचं. पातेलं अर्थातच घरच्यांना विचारून घ्या.

आता पाणी. नर्मदेचं पाणी जलूदहून पंपाने चढून येतं, माळव्याचा तोच चढ जो आपली गाडी धापा टाकत चढते, पण कितीतरी कॉलन्यांत अजून बोअरचं पाणी आहे आणि बेसॉल्टमधून आलेल्या त्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. तापवलं की कार्बन डायऑक्साइड उडून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. बहुतेक क्षार गरम पाण्यात जास्त विरघळतात, हा उलटा, म्हणून तो नेमका सगळ्यात गरम जागी बसतो: गीझरच्या कॉइलवर, आणि इंजिनात सिलिंडर हेडच्या आतून. ॲल्युमिनियमच्या तुलनेत हा थर उष्णता पन्नास ते शंभर पट कमी वाहतो, म्हणजे अर्धा मिलिमीटर थरसुद्धा खूप झाला. रोज सकाळी बाटलीत नळाचं पाणी टाकणारे रोज थोडा चुना टाकत असतात. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळतं ते डिस्टिल्ड पाणी स्वस्त आहे, ते वापरा. घरच्या आरओच्या पाण्यात चवीसाठी क्षार ठेवलेले असतात, एकवेळ चालेल. एसीचं टपकणारं पाणी जवळपास शुद्ध असतं पण कॉइलवरची धूळ आणि थोडा धातू घेऊन येतं.

कूलंट (पाण्यात मिसळायचं इथिलीन ग्लायकॉल, थंडीत पाणी गोठू देत नाही ते) कशाला, आपल्याकडे कुठे बर्फ पडतो, हा प्रश्न बरोबर आहे. गंमत म्हणजे ते मिसळलं की पाणी उष्णता वाहायला थोडं मागेच पडतं, अर्धं-अर्धं मिश्रण पाण्यापेक्षा साधारण १५ ते २० टक्के कमी उष्णता धरतं. त्याच्या बदल्यात उत्कलनबिंदू वर जातो, ०.९ च्या कॅपसोबत १२५ च्या जवळ, पण खरा फायदा गंज रोखणाऱ्या रसायनांचा आहे. जुन्या गाडीत ॲल्युमिनियमचं हेड, लोखंडी पार्ट, कधी तांब्या-पितळेचा रेडिएटर, आणि मध्ये क्षारांचं पाणी, म्हणजे बॅटरीच झाली, त्यात ॲल्युमिनियम खाल्लं जातं. ही रसायनं वर्षागणिक संपतात, कूलंट हिरवं दिसलं तरी संपलेलं असू शकतं कारण रंग फक्त रंग आहे, कंपन्या आपापल्या मर्जीने टाकतात. काढलेलं कूलंट उघड्यावर ओतू नका, ते चवीला गोड आणि विषारी असतं, गल्लीतली कुत्री चाटून मरतात.

रस्त्यात बारीक गळती लागली तर रेडिएटरमध्ये हळद टाकायचा जुना ड्रायव्हरी उपाय खरंच चालतो, कण फुगून भोक बुजवतात, पण तेच कण रेडिएटरच्या बारीक नळ्याही बुजवतात, तेव्हा घरी पोचलात की फ्लश करा आणि गळती खरोखर दुरुस्त करा.

डॅशबोर्डवरच्या तापमानाच्या काट्यावर फार विसंबू नका. तापमानाचा सेन्सर पाण्यात बुडालेला असेल तरच खरं सांगतो, पाणी उडून गेलं की तो कोरडा लटकतो आणि काटा उलट खाली येऊ शकतो, तेव्हा आधी चढलेला काटा एकदम खाली आला आणि हीटरमधून थंड हवा यायला लागली तर खूश न होता गाडी बाजूला घ्या. पाणी असताना काटा चढत असेल तर एसी बंद करून हीटर फुल करा, तोही एक छोटा रेडिएटरच आहे, मे महिन्यात घरचे शिव्या देतील पण घाट पार होतो.

आणि हे सगळं करूनही पाणी कमी होत असेल तर सकाळी थंड इंजिनावर कॅप काढून गाडी स्टार्ट करा आणि आत बघा. सतत बुडबुडे येत असतील, किंवा ऑइलच्या डिपस्टिकवर दुधाळ चिकटा असेल, तर बहुधा हेड गास्केट (सिलिंडर हेड आणि खालच्या ब्लॉकमधली सील) गेलंय, सिलिंडरचा गॅस पाण्यात किंवा पाणी ऑइलमध्ये शिरतंय. हे घरच्या पान्यांचं काम नाही, आणि चालवत गॅरेजला नेण्याचंही नाही, टो करूनच न्या.