माजी विद्यार्थी आणि शाळा (गोवा)

गोव्यात माजी विद्यार्थी म्हटलं की आता बॅचचा व्हॉट्सअॅप ग्रुप नि डिसेंबरातलं गेट-टुगेदर एवढंच डोळ्यासमोर येतं, पण शाळा आणि तिथून शिकून गेलेली माणसं यांचं नातं इथे बरंच जुनं आहे, कारण इथल्या मराठी शाळा आधी गावाने चालवल्या, सरकार नंतर आलं.

पोर्तुगीज काळात सरकारी शिक्षण म्हणजे पोर्तुगीज भाषेतलं. प्रिमैर ग्राव, सेगुंद ग्राव (प्राथमिकचे पहिला नि दुसरा टप्पा), आणि ऐपत असली तर पणजीचं लिसेंव म्हणजे सरकारी हायस्कूल, जे १८५४ मध्ये सुरू झालं (पणजीच्या आल्तिन्यो टेकडीवरची त्याची इमारत मुक्तीनंतर बरीच वर्षं हायकोर्टाकडे होती). मराठी शिकायची तर शेणवी मामाची म्हणजे गावातल्या खाजगी मास्तरांची शाळा, देवळाच्या अग्रशाळेत (धर्मशाळेत) नाहीतर कुणाच्या तरी पडवीत. १९१० मध्ये पोर्तुगालात राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आलं, हिंदूंवरची बंधनं सुटली आणि मग रीतसर संस्था उभ्या राहिल्या. फोंड्यात दादा वैद्य आणि इतरांनी शाळा काढली तिला नाव दिलं आल्मेदा. हे आंतोनियु जुझे द आल्मेदा त्या प्रजासत्ताकाचे पुढारी, पुढे १९१९ ते १९२३ पोर्तुगालचे राष्ट्राध्यक्ष. फोंड्यातला माणूस आजही सहज 'मी आल्मेदाचा' म्हणून सांगतो, हा आल्मेदा कोण ते विचारलं तर गप्प. पणजीच्या मुष्टिफंड शाळेचं तर नावातच सगळं आलं, घराघरातून मूठ मूठ तांदूळ बाजूला काढून उभा केलेला फंड. आज माजी विद्यार्थी शाळेला प्रोजेक्टर नाहीतर वॉटर कूलर देतात ना, ती त्याच मुठीची नवी आवृत्ती, फक्त आता त्यावर देणाऱ्याचं नाव ठळक रंगवलेलं असतं!

१९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला. १९६३ मध्ये भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले आणि खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा निघाल्या. या शाळांतल्या कितीतरी मुलांच्या घरात त्याआधी कुणी पाटीसुद्धा धरली नव्हती, त्यामुळे त्या पिढीला शाळेबद्दल जे वाटतं ते नुसतं जुन्या आठवणींचं प्रेम नाही. नवरात्रात शाळेत सरस्वती बसते तेव्हा पन्नाशी-साठीची माणसं पोराबाळांना घेऊन येतात, जुन्या बाईंच्या पाया पडतात, आणि मग मागच्या बाकावर बसून गॅदरिंगच्या नाटकात कोण काय विसरला होता त्यावर तासभर हसतात. मेळाव्याची तारीख मात्र चवथ (गणेश चतुर्थी) किंवा डिसेंबर बघूनच ठरते, कारण मुंबईवाले चवथीला येतात आणि आखाती देशांत नि इंग्लंडात गेलेले बहुतेक नाताळच्या सुट्टीत.

कायद्यात या नात्याला फारशी जागा नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे जी शाळा व्यवस्थापन समिती असते तिच्यात तीन चतुर्थांश पालक हवेत, माजी विद्यार्थी म्हणून वेगळी खुर्ची नाही. कॉलेजांचं वेगळं, तिथे नॅकच्या (कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या राष्ट्रीय संस्थेच्या) मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांच्या सहभागाला गुण आहेत, म्हणून संघ पटापट रजिस्टर होतात (काही फक्त नॅकची टीम येण्यापुरतेच जिवंत असतात हे सगळ्यांना माहीत आहे).

खरा धागा म्हणजे शाळेचं जनरल रजिस्टर. जन्मतारीख, जातीचा दाखला, पासपोर्ट, कशालाही माणूस शेवटी शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी त्याच हेडमास्तरांच्या टेबलापाशी येऊन उभा राहतो. त्यात गोव्याची खास भानगड म्हणजे नावं. पोर्तुगीज कागदांत शंकरचा 'शेंकोर' झालेला, प्रभूंचा 'पोरोब', आणि शाळेत मास्तरांनी लिहिलेलं सरळ मराठी नाव, म्हणजे एकाच माणसाची दोन नावं. अशी नावं बदलायला १९९० चा वेगळा कायदाच आहे. दहावीच्या सर्टिफिकेटचंही तसंच, गोवा बोर्ड २७ मे १९७५ ला स्थापन झालं, त्याच्या आधीच्या बॅचचे एसएससीचे कागद पुणे बोर्डाचे. आमच्या ओळखीतले एक काका अजून अभिमानाने तो कागद दाखवतात, जणू पुण्यालाच शिकले.

१९९० च्या धोरणात सरकारी अनुदान फक्त प्रादेशिक भाषांतल्या प्राथमिक शाळांना होतं, २०११ मध्ये ते इंग्रजी शाळांनाही मिळायला लागलं, त्यावरून मोठं आंदोलन झालं. मराठी प्राथमिक शाळांचा पट मात्र घसरतच गेला, आणि मेळाव्यात गळ्यात गळे घालणाऱ्यांची स्वतःची मुलं बहुतेक इंग्रजी शाळेत, मी तरी कुठे वेगळा. पट अगदीच उरला नाही की शाळा शेजारच्या शाळेत विलीन होते, इमारतीत कधी अंगणवाडी येते, कधी नुसतं कुलूप. मग दाखला हवा असलेला माणूस आधी जुन्या शाळेकडे जातो, तिथून विलीन झालेल्या शाळेत, तिथून भागशिक्षणाधिकाऱ्यांच्या ऑफिसात, आणि रजिस्टर नक्की कुठल्या कपाटात आहे ते बॅचच्या ग्रुपवर विचारतो.