चांद्रयान-२चा फोटोही पुरला नाही

चंद्रावर हवा नाही, मग अपोलो ११च्या फोटोतला झेंडा फडकतो कसा? १९६९ची चांद्रमोहीम बनावट मानणाऱ्यांचा हा लाडका प्रश्न. झेंडा लोंबू नये म्हणून त्याच्या वरच्या कडेत आडवी दांडी घातली होती. अंतराळवीरांना ती पूर्ण ओढता आली नाही, म्हणून कापडावर चुण्या राहिल्या.

एवढ्यावर वाद मिटायला हवा, पण नवा प्रश्न तयारच असतो. अपोलो मोहिमांनी आणलेली ३८२ किलो दगड-माती? प्रयोगशाळेत बनवली. चंद्रावर ठेवलेले परावर्तक, ज्यांच्यावर सोडलेला लेसर आजही अडीच सेकंदांत परत येतो? ते यंत्रांनी ठेवले. नासाच्या यानाने २००९पासून टिपलेल्या अवतरणस्थळांच्या प्रतिमा? नासाच्याच ना! २०२१मध्ये आपल्या चांद्रयान-२ने अपोलो ११ची जागा टिपली. मग इस्रोही सामील!

आइन्स्टाइनने असा बचाव ठेवला नव्हता. सूर्याजवळून येणारा ताऱ्याचा प्रकाश १.७५ विकला (विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) वळेल, हे त्याने आकड्यात सांगितलं. १९१९च्या ग्रहणात तसं दिसलं नसतं, तर त्याचा गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत गोत्यात आला असता. हा धोका पत्करणं हीच विज्ञानाची खूण, असं विज्ञानाचे तत्त्वज्ञ कार्ल पॉपर म्हणत.

कटाच्या कहाणीला मात्र हरण्याची सोयच नाही, आणि मला वाटतं, तिची ओढ इथेच आहे. ऑनलाइन जगात ती माणसाला कामही देते. फोटो मोठा करून सावल्या तपासायच्या, 'सापडलं' म्हणून टाकायचं, की अनोळखी माणसं पाठ थोपटतात. समजावणारा विकला गेलेला ठरतो. बाहेर पडायचं तर ही सगळी मैत्री तोडावी लागते. ते सोपं नाही, हे त्यांच्याशी वाद घालताना आपण विसरतो.

कहाणीत सुसंगती असावी लागते असंही नाही. २०१२मध्ये ब्रिटनमधल्या केंट विद्यापीठाच्या संशोधकांना आढळलं, की ब्रिटनची राजकुमारी डायना हिने मृत्यूचं नाटक केलं यावर ज्यांचा जितका अधिक विश्वास, तितका तिचा खून झाला यावरही अधिक. 'अधिकृत माहिती खोटी' एवढं धरून ठेवलं की पुरतं.

खरे कटही असतात. अमेरिकेतल्या वॉटरगेट प्रकरणात, म्हणजे विरोधी पक्षाच्या कार्यालयातली घुसखोरी दडपण्याच्या कटात, राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या संभाषणांच्या ध्वनिफितींत काय आहे, हा तपासता येणारा प्रश्न होता. ५ ऑगस्ट १९७४ला निर्णायक संभाषण जाहीर झालं आणि ९ तारखेला निक्सन पायउतार झाले.