फुलाच्या शेवटी कोणते अक्षर? कोरियन शुद्धलेखनाच्या वादाची पार्श्वभूमी

कोरियनमध्ये फुलाला 'क्कोत' म्हणतात. लिहिताना मात्र शेवटी 'त' नसतो, 'छ' असतो. कर्त्याचा प्रत्यय लागला की हा लपलेला 'छ' ऐकू येतो: 'क्कोछी'. 'फक्त फूल' म्हणायचे तर 'क्कोनमान', म्हणजे तोंडात चक्क 'न'. कागदावर तिन्ही ठिकाणी शब्द तोच, शेवटच्या 'छ'सकट. नव्याने कोरियन शिकणारा इथे हमखास अडखळतो. बोलतो तसे लिहिणारी म्हणून जगभर वाखाणलेली ही 'हंगुल' लिपी असे का करते, हा त्याचा प्रश्न रास्तच आहे. उत्तर पंधराव्या शतकात शोधायचा मोह होतो, पण खरे उत्तर विसाव्या शतकात आहे.

राजाने लिपी घडवली, १४४३च्या अखेरीस ती तयार झाली, दरबारी पंडितांनी नाके मुरडली आणि १४४६मध्ये एका ग्रंथातून ती जाहीर झाली, ही गोष्ट कोरियन मालिका पाहणाऱ्यांना पाठ आहे. ती सोडून देऊ. जाता जाता एकच. दाढेचे, जिभेचे, ओठांचे, दातांचे, घशाचे अशी त्या ग्रंथातली व्यंजनांची विभागणी वाचताना आपल्याला कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य आठवतात, ते उगाच नाही. चिनी ध्वनिविचाराला हे वळण बौद्ध ग्रंथांबरोबर आलेल्या संस्कृत परंपरेने लावले आणि कोरियाने ते चिनी ग्रंथांतून घेतले. (अक्षरांच्या आकारांवर मंगोल अमदानीतल्या लिपीची छाया किती, हा वाद निराळा.)

आपल्या कामाची गोष्ट आहे ती 'बात्चिम'ची. अक्षरांच्या ठोकळ्यात तळाशी बसणारे व्यंजन म्हणजे बात्चिम, शब्दशः टेकू. या टेकूबद्दल १४४६चा ग्रंथ दोन तोंडांनी बोलतो. राजाच्या मूळ मजकुरात एका ओळीत सांगितले आहे की शेवटच्या व्यंजनासाठी सुरुवातीचीच अक्षरे पुन्हा वापरावीत, म्हणजे सगळीच चालतील. पंडितांनी लिहिलेल्या विवरणात मात्र आठ पुरेत असे म्हटले आहे आणि उदाहरणे दिली आहेत नाशपातीच्या फुलाची आणि कोल्ह्याच्या कातड्याची. फुलाला तेव्हा 'गोज्' म्हणत. विवरणाचे म्हणणे असे, की शेवटी 'ज्' असला तरी 'स्'वर भागते. म्हणजे फुलाच्या शेवटी काय लिहायचे, हा प्रश्न लिपीइतकाच जुना आहे.

पुढची साडेचारशे वर्षे दोन ओळींत आटोपतील. सरकारी कारभार चिनी अक्षरांत चालला. नवी लिपी बायकांची पत्रे, कादंबऱ्या आणि धर्मग्रंथांची भाषांतरे यांत रुळली आणि 'ओनमुन', म्हणजे गावठी लिखाण, या नावाने ओळखली गेली. आठ टेकूंची चाल १५२७च्या एका मुलांच्या पुस्तकाने पक्की केली. नंतर आठाचे सात झाले आणि फूल सर्रास 'स्'ने लिहिले जाऊ लागले.

१८९४मध्ये राजाज्ञा निघाली, की कायदे आणि हुकूम देशी लिपीत लिहावेत. १८९६मध्ये निव्वळ याच लिपीतले, शब्दांत मोकळी जागा सोडून छापलेले वृत्तपत्र निघाले. आता गोंधळ उघडा पडला. खाजगी पत्रात कोणी कसेही लिहिले तरी चालून जाते, शाळेच्या पुस्तकात आणि छापखान्यात चालत नाही. सरकारने १९०७मध्ये अभ्यासासाठी संस्था नेमली. तिचा अहवाल आला, पण अंमलबजावणीआधीच १९१०मध्ये देशच जपानच्या ताब्यात गेला. 'हंगुल' हे नाव याच सुमाराचे. ते रूढ करणारा भाषाभ्यासक १९१४मध्ये अकाली वारला. शब्दाचे मूळ रूप शोधा आणि ते अभंग ठेवा, ही त्याची शिकवण शिष्यांनी पुढे नेली.

वादाचे मूळ या शिकवणीत आहे. मराठी वाचकाला ते चटकन कळावे. आपण 'मूल' लिहितो आणि 'मुलाला' लिहितो, 'कापूस' आणि 'कापसाचा' लिहितो. प्रत्यय लागला की अंगाचे लेखन जिभेमागे जाते. १९६२च्या नियमांनी तर 'नांव', 'कांहीं' यांतले अनुस्वारही काढले, कारण ते कोणी उच्चारत नव्हते. कोरियन शिष्यमंडळींनी नेमकी उलटी वाट धरली: जीभ कुठेही जावो, अंग हलता कामा नये.

विरोधक वेडे नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवे, कारण नंतरच्या बऱ्याच लिखाणात त्यांना अडगळीत टाकलेले दिसते. त्यांचा पुढारी एक वकील होता. म्हणणे सरळ होते: शतकानुशतके लोक सात टेकूंवर वाचत-लिहीत आले आहेत, मग बात्चिममध्ये 'छ', 'ठ', 'ह' आणि जोडव्यंजने कोंबून शेतकऱ्याच्या पोराला का छळायचे? नोव्हेंबर १९३२मध्ये एका दैनिकाच्या पुढाकाराने दोन्ही बाजू समोरासमोर आल्या आणि तीन दिवस भांडल्या. एक दिवस 'क्क'सारखी कठोर व्यंजने दुहेरी लिहावीत की आधी 'स्' जोडून, यावर; एक दिवस जोड टेकू आणि 'ह' यांवर; एक दिवस क्रियापदांच्या रूपांवर. परकी सत्ता डोक्यावर असताना माणसे तीन दिवस 'ह'वर वाद घालतात, याचे हसू येण्याऐवजी मला तरी कौतुकच वाटते.

ऑक्टोबर १९३३मध्ये शिष्यमंडळींचे एकत्रित नियम जाहीर झाले. त्यांचे पहिले तत्त्व असे, की प्रमाण शब्द उच्चाराप्रमाणे लिहावेत, पण भाषेच्या नियमाला धरून. या 'पण'वर सारी इमारत उभी आहे. पहिल्या अर्ध्या भागाने विरोधकांना मान दिला, दुसऱ्याने त्यांचा मुद्दा काढून घेतला. 'भाषेचा नियम' म्हणजे काय, हे तिथेच उलगडलेले नाही. व्यवहारात त्याचा अर्थ 'मूळ रूप राखा' असा झाला. पुढच्या वर्षी ७८ लेखकांनी नव्या नियमांच्या बाजूने पत्रक काढले आणि वाद बराचसा निकालात निघाला. एक अडचणीची गोष्ट मात्र सहसा हळू आवाजात सांगितली जाते: जपानी सरकारने १९३०मध्ये शाळांसाठी काढलेल्या नियमांत शिष्यमंडळींच्या मतातले बरेच काही आधीच शिरले होते.

या नियमांना हात लावणे अवघड झाले ते १९४२नंतर. शब्दकोशाचे काम करणाऱ्या याच मंडळींची जपानी सरकारने धरपकड केली, ३३ जणांवर कारवाई झाली, दोघे तुरुंगातच वारले. शब्दकोशाचे हस्तलिखित पुराव्यादाखल जप्त झाले आणि मुक्तीनंतर, सप्टेंबर १९४५मध्ये, सोल स्थानकाजवळच्या मालवाहतुकीच्या गोदामात सापडले. ज्या लेखनासाठी माणसे मेली ते लेखन नुसते शुद्धलेखन राहत नाही.

दक्षिण कोरियाच्या पहिल्या राष्ट्राध्यक्षांना हे उमगले नाही. त्यांचे उमेदीचे आयुष्य अमेरिकेत गेले होते आणि त्यांच्या डोळ्यांना सवय होती जुन्या बायबलच्या, 'स्'वाल्या लेखनाची. १९५३मध्ये जुन्या सोप्या लेखनाकडे वळण्याचा सरकारी आदेश निघाला आणि १९५४च्या मसुद्यात टेकू दहावर आणले गेले. कोरियनमध्ये विळा, दिवस आणि चेहरा हे तिन्ही शब्द एकटे उच्चारले तर 'नात' असेच ऐकू येतात. लिहिताना शेवटी अनुक्रमे 'स्', 'ज्' आणि 'छ्' असल्याने डोळा चुकत नाही. मसुद्याप्रमाणे तिन्ही 'स्'वर आले असते. विळ्याने चेहरा धुण्याची वेळ आली नसती, संदर्भाने कळलेच असते. पण वीस वर्षे नव्या पद्धतीने वाचणाऱ्या डोळ्यांना ते मान्य नव्हते. शिक्षणमंत्र्याने राजीनामा दिला, प्राध्यापक, पत्रकार, लेखक विरोधात गेले. सप्टेंबर १९५५मध्ये राष्ट्राध्यक्षांनी, लोकांना हवे तसे करू द्यावे, असे म्हणून माघार घेतली. कोरियात त्या काळात सरकारची फार थोड्या बाबतींत अशी माघार झाली.

त्यानंतर दुरुस्त्याच होत आल्या. १९८९पासून लागू झालेल्या नियमांनी आदरार्थी क्रियापदाचे '-उम्निदा' सरसकट '-सुम्निदा' केले. जुन्या पिढीच्या पाट्यांवर आणि पत्रांत आधीचे रूप त्यानंतरही रेंगाळले. उत्तर कोरियाने १९४८मध्ये सहा नवी अक्षरे आणून पाहिली आणि सोडून दिली. लिपीचे नावही तिथे वेगळे, तिचा दिवसही वेगळा: दक्षिणेत ९ ऑक्टोबर, उत्तरेत १५ जानेवारी. श्रम या शब्दाला उत्तरेत 'रोदोंग' लिहितात, दक्षिणेत 'नोदोंग'. मात्र १९३३चा वारसा दोघांनाही मिळालेला असल्यामुळे, शब्दकोश सोलचा असो की प्योंगयांगचा, फुलाच्या शेवटी अक्षर 'छ'च आहे.