आमच्या सराव कार्डांसोबत स्टिकर का येत नाहीत?

बरेच पालक विचारतात की सेटमध्ये स्टार, स्टिकर का नाहीत, मुलं खूश होतील ना. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

डोपामिन म्हणजे आनंदाचं केमिकल असं सगळीकडे वाचायला मिळतं, पण शिकण्याच्या बाबतीत त्याचं काम वेगळंच आहे. मेंदूवर संशोधन करणारे शास्त्रज्ञ वोल्फ्राम शुल्ट्झ यांनी माकडांच्या मेंदूतल्या डोपामिनच्या पेशींवर प्रयोग केले, आणि दिसलं असं की ज्यूसचा थेंब अचानक मिळाला की पेशी जोरात पेटतात (म्हणजे सिग्नल पाठवतात), मग दरवेळी ज्यूसच्या आधी दिवा लावत गेलं की हळूहळू त्या दिव्यालाच पेटायला लागतात आणि ज्यूस आला तरी गप्प, आणि दिवा लागून ज्यूस आलाच नाही तर नेमकं ज्यूस यायच्या वेळेला त्यांचं काम मंदावतं. म्हणजे अंदाज काय होता आणि मिळालं काय, यातला फरक त्या कळवतात. 1997 मध्ये शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांनी हे गणितासकट मांडलं. फरकच नसेल तर मेंदूने बदलायचं कशासाठी?

म्हणूनच उत्तर कार्डाच्या मागे छापलंय. मुलाने आधी काहीतरी उत्तर बोलायचं, चुकीचं का असेना, मगच कार्ड उलटायचं, आणि लगेच उलटायचं. उंदरांवरच्या एका प्रयोगात पेशींमधला जोड मजबूत व्हायला डोपामिन साधारण 2 सेकंदांच्या आत पोचावं लागत होतं, त्यामुळे "संध्याकाळी एकदम तपासू" हे शक्यतो नकोच. प्लीज, मूल विचार करत असताना उत्तर सांगून टाकू नका, तेवढं एक सांभाळलंत तरी आमच्या दृष्टीने खूप झालं.

आता स्टिकर. 1973 मध्ये चित्र काढायची आवड असलेल्या लहान मुलांवर एक प्रयोग झाला, ज्यांना आधीच सांगितलं होतं की चित्र काढलं की सर्टिफिकेट मिळेल ती मुलं नंतर स्वतःहून कमी चित्रं काढायला लागली, पण ज्यांना न सांगता अचानक दिलं त्यांची आवड टिकली. त्यामुळे ठरलेलं बक्षीस आम्ही देत नाही. तुम्ही मधेच मनापासून शाबास म्हणा, बिनधास्त.

आणि सगळीच उत्तरं सहज यायला लागली की तो सेट बाजूला ठेवून पुढचा काढा, जुनी कार्डं काही दिवसांनी त्यात मिसळा.