शाम्पूची बाटली मागून वाचा
(नौपाडा, ठाणे येथील आमच्या सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानाचे ग्राहकांसाठी माहितीपत्रक)

नमस्कार,

"केस गळतायत हो, चांगला शाम्पू कोणता?" हा प्रश्न आमच्या काउंटरवर रोज येतो. संध्याकाळच्या गर्दीत त्याचं नीट उत्तर देता येत नाही, आणि घाईघाईत बाटली हातात ठेवणं आम्हाला पटत नाही. म्हणून हे पत्रक. घरी निवांत वाचा, शक्यतो बाथरूममधली बाटली जवळ घेऊन.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. शाम्पूचं काम डोकं आणि केस धुण्याचं. बाळंतपण, मोठा ताप, थायरॉइड, रक्त कमी असणं अशा कारणांनी जाणारे केस शाम्पूने थांबत नाहीत. कंगव्यात गुंतवळ नेहमीपेक्षा खूप जास्त दिसत असेल, तर शाम्पू बदलण्याआधी डॉक्टरांना दाखवा. आमची एक बाटली कमी खपली तरी चालेल.

आता बाटली उलटी करा. पुढे कांदा, आर्गन, केराटिन मोठ्या अक्षरांत असतं, खरी माहिती मागे बारीक अक्षरांत असते. आपल्याकडच्या नियमानुसार 1 टक्क्यापेक्षा जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. त्याहून कमी असलेले त्यांच्यानंतर, कुठल्याही क्रमाने. म्हणून पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचं असतं आणि त्याच्या पाठोपाठ मळ काढणारा घटक येतो.

परवा एका ताईंबरोबर आम्ही कांद्याच्या शाम्पूची यादी वाचली: पाणी, सोडियम लॉरेथ सल्फेट आणि कोकामिडोप्रोपिल बीटाइन (दोन्ही मळ काढणारे), सोडियम क्लोराइड म्हणजे साधं मीठ (ते शाम्पू दाट करतं), ग्लायकॉल डायस्टिअरेट (मोतिया चमक त्याचीच), मग फेनॉक्सीइथेनॉल, आणि त्याच्याही खाली कांद्याचा अर्क. फेनॉक्सीइथेनॉल हे टिकाऊपणासाठी घालतात आणि ते 1 टक्क्याच्या वर घालायला परवानगी नाही. म्हणजे त्याच्या खाली जे जे आहे, तेही फार तर 1 टक्का. 200 मिलीच्या बाटलीत जास्तीत जास्त 2 मिली, अर्धा चहाचा चमचासुद्धा नाही. शाम्पू वाईट नव्हता, पण त्याच्या शेजारच्या, कांदा नसलेल्या बाटलीत पहिली पाच नावं तीच होती आणि ती बरीच स्वस्त होती. ताईंनी ती नेली.

सल्फेटचं काय?

सल्फेट म्हणजे मळ काढणाऱ्या घटकांचाच एक गट. व्हॉट्सॲपवर फिरतं तसं सल्फेटने कॅन्सर होत नाही. पण सगळी सल्फेटं सारखीही नाहीत. सोडियम लॉरिल सल्फेट कडक. कातडीवर जळजळ कशी होते हे तपासायला प्रयोगशाळेत मुद्दाम तेच वापरतात. सोडियम लॉरेथ सल्फेट त्याच्यापेक्षा सौम्य. नावात फरक एवढासाच, 'लॉरिल' आणि 'लॉरेथ', तेवढा नीट बघा. सोबत कोकामिडोप्रोपिल बीटाइन असेल तर तो शाम्पू आणखी मवाळ होतो. सोडियम कोकॉइल आयसेथिओनेट, डेसिल ग्लुकोसाइड ही सल्फेट नसलेल्या शाम्पूतल्या मळ काढणाऱ्या घटकांची नावं. रंगवलेल्या, कोरड्या केसांना हे शाम्पू मानवतात.

'नारळापासून बनवलेलं' यावर मात्र भुलू नका. खोबरेल तेलातल्या लॉरिक आम्लापासून कडक सोडियम लॉरिल सल्फेटही बनतं. मूळ नारळाचं असलं म्हणून शाम्पू सौम्य ठरत नाही.

आणखी एक, जे परदेशी व्हिडिओंत कोणी सांगत नाही. आपल्याकडे शनिवारी रात्री डोक्यावर भरपूर तेल चोपडतात आणि रविवारी न्हातात. सल्फेट नसलेल्या शाम्पूने ते तेल एका धुण्यात निघत नाही. मग तीन-तीनदा शाम्पू लावला जातो, बाटली पंधरा दिवसांत संपते आणि केस राठ होतात ते वेगळंच. तेल लावायची सवय असेल तर लॉरेथ सल्फेटवाला साधा शाम्पू एकदाच लावा, थोडं पाणी मिसळून.

डायमेथिकोन, ॲमोडायमेथिकोन ही सिलिकॉनची नावं. ती केसावर पातळ थर देतात, गुंता सहज सुटतो. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टिकाऊपणाचे घटक

शाम्पूत पाणी आहे, म्हणजे जंतूही वाढणार. टिकवणारं काहीतरी लागतंच, त्यामुळे 'केमिकल-फ्री' हा शब्द आम्ही दुकानात वापरत नाही. पण काहींना यातलाच एखादा घटक सोसत नाही. माझ्या मुलीच्या कानामागे आणि मानेवर दोन महिने खाज आणि लाल चट्टे होते. आम्ही तेल बदललं, उशीचे अभ्रे बदलले. शेवटी त्वचेच्या डॉक्टरांनी पाठीवर पट्ट्या लावून तपासणी केली आणि कारण निघालं मिथाइलआयसोथायाझोलिनोन. ते आमच्याच दुकानातून आणलेल्या शाम्पूत होतं. यादीत लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं. त्या दिवसापासून मी प्रत्येक नवी बाटली मागून वाचल्याशिवाय फळीवर ठेवत नाही. तुम्हाला केसांच्या कडेने, कानामागे खाज येत असेल तर हे नाव आणि 'सुगंध' हे दोन्ही शोधा.

आयुर्वेदिक शाम्पू

यांवर यादी वेगळ्या पद्धतीने असते: दर 10 मिलीत भृंगराज इतके मिलिग्रॅम, रिठा इतके, आणि शेवटी 'शाम्पू बेस, आवश्यकतेनुसार'. उरलेली बाटली त्या बेसची, आणि त्यात काय आहे हे पुष्कळदा लिहिलेलं नसतं. फेस भरपूर असेल तर तो एकट्या रिठ्याचा नाही हे धरून चाला. खरा रिठा-शिकेकाईच हवा असेल तर कुटलेलं आणून घरी उकळा. फेस कमी येईल, डोळ्यांत गेलं तर झोंबेल, पण काय वापरतोय ते माहीत असेल.

कोंड्यासाठी झिंक पायरिथिओन किंवा पिरोक्टोन ओलामाइन हे नाव हवं. युरोपने 2022 पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिओन बंद केलं आहे. आपल्याकडे ते चालतं. केटोकोनाझोल हे औषध आहे, ते डॉक्टरांना विचारून औषधाच्या दुकानातून घ्या. कोंड्याचा कोणताही शाम्पू लावून लगेच धुवू नका, तीन ते पाच मिनिटं राहू द्या.

घोडबंदर रोडवरच्या ग्राहकांसाठी: इमारतीत टँकरचं किंवा बोअरिंगचं पाणी येत असेल, नळाच्या तोंडाशी पांढरा थर धरत असेल, तर केस राठ होण्यात पाण्यातल्या क्षारांचा हात असू शकतो. यादीत डायसोडियम ईडीटीए (हे पाण्यातले क्षार धरून ठेवतं) असलेला शाम्पू निवडा. शेवटचा एक तांब्या पिण्याच्या फिल्टरच्या पाण्याचा घेऊन बघा.

दोन बाटल्यांची किंमत ताडताना एमआरपी बघू नका, दर मिलीचा भाव बघा. तो आता वेष्टनावर छापलेला असतो. छोट्या पाकिटांवर घटकांची यादी छापण्याची सक्ती नाही, तेव्हा त्याच शाम्पूची मोठी बाटली आमच्याकडे मागा आणि तिची यादी वाचा. विकत घेतलीच पाहिजे असं नाही.

आणि येताना सध्याची बाटली, रिकामी असली तरी, पिशवीत टाकून आणा. दुपारी गर्दी कमी असते, तेव्हा दोन्ही याद्या शेजारी ठेवून आपण मिळून वाचू.