डॉगवुडची पांढरी किनार म्हणजे रोग नव्हे

पानांना पांढरी किंवा पिवळी किनार असलेलं फुलझाड दिसलं की हमखास सल्ला मिळतो : ‘लोह कमी पडलंय, खत घाला, पानं हिरवी होतील.’ डॉगवुड या शोभेच्या फुलझाडाच्या दुरंगी पानांच्या जातींबाबत हा समज साफ चुकीचा आहे.

‘वुल्फ आइज’ या अशाच एका दुरंगी जातीचं पान हातात घ्या. मधला भाग राखाडी-हिरवा, कडा पांढरी आणि किंचित लहरदार, दोन्हींमधली सीमा स्पष्ट. लोहाच्या कमतरतेत असं होत नाही. तिथे आधी कोवळी पानं पिवळी पडतात आणि शिरा मात्र हिरव्याच राहतात. दुरंगी पानाच्या कडेच्या पेशींत हरितद्रव्यच तयार होत नाही. तो पानाच्या काही पेशींपुरता झालेला जनुकीय बदल आहे. खत घालून तो बदलणार कसा? म्हणूनच बी पेरून ही जात टिकत नाही, कलमच करावं लागतं.

पूर्ण हिरवी फांदी फुटली, तर ‘झाड सुधारलं’ म्हणून खूश होऊ नका. हरितद्रव्य जास्त असल्याने ती जोमाने वाढते आणि दुरंगी फांद्यांना मागे टाकते. दिसताक्षणी बुडापासून छाटा.

कडा तपकिरी होऊन कुरकुरीत झाल्या, तर मात्र खरंच बिघडलंय. बहुधा दुपारचं ऊन किंवा कोरडी माती. सकाळचं ऊन, दुपारी सावली, किंचित आम्ल आणि निचऱ्याची माती, वर ५ ते ८ सेंटीमीटर पालापाचोळा, पण खोडाला न चिकटवता.

जाता जाता : डॉगवुडच्या फुलाच्या त्या चार ‘पाकळ्या’ही पाकळ्या नव्हेत, सहपत्रं, म्हणजे फुलांभोवतीची पाकळ्यांसारखी दिसणारी पानं आहेत. खरी फुलं मधल्या इवल्या गुच्छात असतात.