मुख्य माहिती सुरक्षा अधिकारी

संस्थेकडची माहिती, ती सांभाळणाऱ्या संगणकयंत्रणा आणि त्यांवर चालणारे व्यवहार यांच्या सुरक्षेची जबाबदारी असलेला वरिष्ठ अधिकारी. इंग्रजी आद्याक्षरांवरून बँकांत आणि कंपन्यांत या पदाला ‘सीआयएसओ’, बोलताना ‘सीसो’ म्हणतात. माहिती अधिकार कायद्याखालच्या जन माहिती अधिकाऱ्याशी या पदाचा संबंध नाही. नावांमुळे गल्लत होते, म्हणून हे आधीच सांगितलेले बरे.

पद फार जुने नाही. १९९४ मध्ये व्लादिमीर लेविन याने रशियात बसून सिटीबँकेच्या यंत्रणेत शिरकाव केला आणि ग्राहकांच्या खात्यांतले सुमारे एक कोटी डॉलर दुसरीकडे वळवले. चार लाख सोडता बाकी रक्कम परत मिळाली. मात्र बँकेने त्यानंतर सुरक्षेसाठी स्वतंत्र वरिष्ठ पद निर्माण करून त्यावर स्टीव्ह कॅट्झ यांची नेमणूक केली. ते जगातले पहिले सीआयएसओ मानले जातात.

हा अधिकारी कोणाच्या हाताखाली असावा, हा या पदाबाबतचा सर्वांत कळीचा प्रश्न. आयटी विभागाच्या प्रमुखावर यंत्रणा अखंड चालू ठेवण्याची आणि नवे ॲप ठरल्या तारखेला सुरू करण्याची जबाबदारी असते. ‘चाचणी पुरी झालेली नाही, थांबा’ असे त्याला सांगणे हे सीआयएसओचे काम. थांबा म्हणणाऱ्याची बढती आणि पगारवाढ ज्याला थांबवायचे त्याच्याच हातात असेल, तर आक्षेप फाइलवर येण्याआधीच विरून जातो. म्हणूनच भारतीय रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये बँकांना बजावले, की सीआयएसओ जोखीम व्यवस्थापनाच्या बाजूला उत्तरदायी असावा, आयटी प्रमुखाच्या थेट हाताखाली नसावा आणि त्याला व्यवसायवाढीची उद्दिष्टे देऊ नयेत. एप्रिल २०२४ पासून लागू झालेल्या तिच्या निर्देशांतही हे तत्त्व कायम आहे. वरवर ही कार्यालयीन रचनेची बाब वाटते, पण खरे बोलणाऱ्याला संरक्षण मिळते ते अशाच रचनेतून.

या कामाची व्याप्ती पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेवरील हल्ल्यातून स्पष्ट दिसते. बँक १९०६ सालची. ११ ऑगस्ट २०१८ हा दुसरा शनिवार, म्हणजे बँकांच्या सुट्टीचा दिवस. एटीएममधून पैसे काढण्याची विनंती एरवी ‘स्विच’ नावाच्या यंत्रणेमार्फत बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीकडे जाते आणि खात्यात शिल्लक आहे का, हे तिथे तपासले जाते. हल्लेखोरांनी मधेच एक बनावट स्विच उभा केला आणि तोच परस्पर मंजुरी देऊ लागला. नकली कार्डे वापरून २८ देशांत आणि भारतात कोल्हापूरसारख्या शहरांत काही तासांत हजारो वेळा पैसे काढले गेले. सोमवारी, १३ तारखेला, बँकांमधल्या आंतरराष्ट्रीय व्यवहारांचे संदेश पाठवणाऱ्या स्विफ्ट प्रणालीतून आणखी सुमारे १४ कोटी रुपये हाँगकाँगमधल्या एका खात्यात गेले. एकूण फटका ९४ कोटींच्या वर. पुण्याच्या न्यायालयाने २०२३ मध्ये ११ जणांना दोषी ठरवले.

पासवर्डचे नियम करणे हा या कामाचा लहानसा भाग आहे, हे यावरून ध्यानात येते. सुट्टीच्या दिवशी परदेशातून येणाऱ्या व्यवहारांचा ओघ कोण पाहतो? तो अचानक वाढला, तर वरिष्ठांच्या फोनची वाट न पाहता यंत्रणा बंद करण्याचा अधिकार कोणाला आहे? हे आधी लिहून ठेवलेले नसेल, तर ऐन वेळी ठरवता येत नाही.

हल्ल्यानंतर कसोटी लागते ती सचोटीची. ‘सर्ट-इन’ या सायबर सुरक्षेसाठीच्या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणांच्या नोंदी, म्हणजे लॉग, १८० दिवस जपाव्या लागतात. लपवण्याचा मोह किती महागात पडतो, हे उबर या टॅक्सीसेवा कंपनीचे माजी सुरक्षाप्रमुख जो सुलिवन यांच्या खटल्यात दिसले. २०१६ मध्ये ५ कोटी ७० लाख प्रवासी आणि चालकांची माहिती चोरीला गेली. हल्लेखोरांना एक लाख डॉलर देण्यात आले. दोष शोधून देणाऱ्यांना बक्षीस दिल्याचे त्याला रूप दिले गेले आणि त्यांच्याकडून गुप्ततेच्या करारावर सह्या घेतल्या गेल्या. कंपनीत आधी झालेल्या एका माहितीचोरीची सरकारी चौकशी तेव्हा चालूच होती. २०२२ मध्ये सुलिवन दोषी ठरले. पुढच्या वर्षी त्यांना तीन वर्षांची परिवीक्षा, म्हणजे तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहण्याची शिक्षा, आणि ५० हजार डॉलर दंड झाला. आपली माहिती चोरीला गेल्याचे ज्यांना वर्षभर कळलेच नाही, त्यांचा विचार करता ही शिक्षा सौम्यच वाटते.

महाराष्ट्रात नागरी सहकारी बँका मोठ्या संख्येने आहेत आणि त्यांतल्या अनेक लहान आहेत. कॉसमॉस प्रकरणानंतर, ऑक्टोबर २०१८ मध्ये, रिझर्व्ह बँकेने अशा बँकांसाठी मूलभूत सायबर सुरक्षा चौकट जाहीर केली. पुढच्या वर्षी त्यांची डिजिटल सेवांनुसार चार स्तरांत विभागणी करून प्रत्येक स्तराला वेगळी बंधने घातली. पाच-सहा शाखांच्या बँकेत सर्व्हर सांभाळणारा आणि त्यावर देखरेख ठेवणारा हे दोघे वेगळे असणे परवडत नाही. तिथे निदान देखरेख करणाऱ्याला संचालक मंडळासमोर थेट बोलता आले पाहिजे.